ऊबदार रंगाचे तीन हात

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. आपल्या घरात कुठल्याही कोपऱ्यात उभी राहून कुजबुजले तरी बाबांना ऐकू जातं. वरच्या मजल्यावर चमचा पडला तर कुणाच्या हातून पडला तेही सांगतील, इतके कान तिखट आहेत. आणि विषय त्यांचाच आहे. पाळणाघरातली मुलं आत्ता दुपारची झोपलीत, बाबा खुर्चीत पेंगतायत, तेवढ्यात लिहून घेते.

विषय भिंतीचा आहे. हसू नका.

समोर गोदामाची भिंत उभी राहिल्यापासून पुढच्या खोलीत ऊन म्हणून येत नाही. भर दुपारी दिवा लावावा लागतो. माझी नऊ मुलं दिवसभर त्याच खोलीत असतात. म्हणून मी म्हटलं, यंदा जरा ऊबदार रंग देऊ या, सायीसारखा, फिकट पिवळसर. दुकानातून शेडकार्ड आणलं आणि त्यातल्या एका चौकोनावर पेन्सिलीने खूण केली. झालं. बाबांच्या कपाळाला आठी. ‘चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, आता मला पत्त्यांच्या कॅटवरून रंग शिकव,’ म्हणाले. कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. पांढऱ्याच्या डब्यात बाटल्यांमधले थेंब टाकत नेहमीसारखा आठवणीतून रंग तयार केला. ‘साय पाहिजे ना? सायच देतो.’

दोन हात मारून झाले. ताई, भिंत निळी आहे. चांगली आकाशी असती तर निदान कुणीतरी ठरवून दिलाय असं वाटलं असतं. ही नीळ जास्त झालेल्या चादरीसारखी आहे, थंडगार. बाबांना तसं सांगितलं तर म्हणाले, ‘सूनबाई, डोळे तपासून घे.’

तुमच्या दादांना विचारलं. ते दाराशी उभे राहून दोन मिनिटं बघत होते. मग म्हणाले, ‘दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे.’ सतरा वर्षं या माणसाबरोबर संसार करतेय, मला कुणीतरी शाल द्यायला हवी.

मला वाटतं, बाबा मुद्दाम करतायत. शेडकार्ड आणल्याचा राग काढतायत. बाहेरचा रंगारी बोलावते म्हटलं तर म्हणाले, ‘दुसऱ्याचा ब्रश या भिंतीला लागला की मी लेकीकडे राहायला जाणार, कायमचा.’ नुसतं बोलून थांबले नाहीत, माळ्यावरून बॅग काढून पुसून ठेवलीय. येता-जाता मला ठेच लागते तिची. आता तुम्हीच त्यांना काहीतरी सांगा.

तुमची,
वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझा वैताग कळला. पण एक स्पष्ट लिहिते, मनावर घेऊ नकोस. बाबा रंग चुकतील, हे मला पटत नाही. मी इथे गिरणीच्या रंगखात्यात दिवसभर कापडाच्या छटा जुळवते, ती कुणाच्या जिवावर? आठ वर्षांची होते तेव्हा ते मला खिडकीत उभं करून दोन पांढऱ्या पट्ट्या दाखवायचे आणि विचारायचे, यातली ऊबदार कुठली आणि थंड कुठली. बरोबर सांगेपर्यंत खेळायला सोडायचे नाहीत. मी रडायचे, पण शिकले. त्यांच्या डोळ्याबद्दल शंका घेणं मला जमणार नाही.

आणि ते मुद्दाम करतायत म्हणतेस, तेही नाही. बाबा तुझ्याशी भांडतील, जेवणावर रुसतील, पण रंगाशी खोटेपणा करणार नाहीत. दोष दिव्याचा असणार. ती पांढरी ट्यूब काढ आणि पिवळा दिवा लाव.

तरीही समाधान झालं नाही तर प्रत्येक हाताचा रंग कागदाच्या पट्टीवर लावून मला पाठव. मागे बाबा त्या रंगाला काय म्हणाले ते लिही. आमच्याकडे रंग तपासायची पेटी आहे, आतला उजेड नेहमी ठरलेला. तिच्यात ठेवला की रंगाला लपायला जागा उरत नाही.

आणि ते बॅगेचं वाढू देऊ नकोस. माझी खोली एक, पलंग एक आणि पाळ्या तीन. त्यांना ठेवू कुठे, गॅसच्या ओट्यावर?

तुझी,
नणंद


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

दिवा बदलला. आधी मुलं गारठल्यासारखी दिसायची, आता कावीळ झाल्यासारखी दिसतात. पुन्हा ट्यूब लावली. निदान थंडी तरी ओळखीची आहे.

गेल्या आठवड्यात ती बँकेत काम करणारी बाई मुलाला न्यायला आली. त्याला भिंतीजवळून उचललं, तोंडाकडे बघितलं आणि किंचाळायचीच बाकी राहिली. ‘याचे ओठ निळे पडलेत.’ तशीच डॉक्टरकडे पळाली. डॉक्टरांनी सांगितलं, पोरगा ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी ती आली, आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सोमवारपासून मुलाला पाठवलेलं नाही. ताई, हे पाळणाघर मी बारा वर्षं चालवतेय. आजवर एक मूल असं गेलं नव्हतं.

हे बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. मला वाटलं, चला, विरघळले. तर म्हणाले, ‘कळलं मला. तुला भिंत मळकट वाटते, आणि तू त्याला थंड म्हणतेस. पिवळ्याचा मळ आहे तो, काढून टाकतो.’ आणि माझ्या डोळ्यांदेखत निळ्या बाटलीतले थेंब डब्यात टाकले. एक नाही, दोन नाही, चांगले सात-आठ. मी म्हटलं, बाबा, ती निळी बाटली आहे. म्हणाले, ‘मग? पांढऱ्यातला मळ निळ्यानेच मरतो, हे तुमच्या कार्डावर छापलं नसेल.’ तिसरा हात दिला. आता मुलांना स्वेटर घालावेत असं वाटतं.

हे मुद्दाम नाही तर काय आहे, ते तुम्हीच सांगा. सोबत पट्ट्या आहेत. डब्यांच्या तळाशी रंग ओला होता, तोच लावलाय. मागे त्यांचेच शब्द आहेत: पहिला हात, ‘साय’. दुसरा हात, ‘साय, पण स्वच्छ’. तिसरा हात, ‘लोणी, आता तरी गप्प बस’.

तुमची,
वहिनी


२८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पट्ट्या मिळाल्या. पेटीत ठेवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला पुन्हा पाहिल्या.

साय निळी आहे. स्वच्छ साय तिच्याहून निळी आहे. लोण्याबद्दल मी काही लिहीत नाही.

आता जे विचारते त्याचा राग येईल, तरी विचारते. डब्यांची अदलाबदल तर झाली नाही ना? जुना कुठला डबा, कोपऱ्यात राहिलेला? हे रंग बाबांच्या हातचे आहेत हे मी डोळ्यांनी बघूनही मला खरं वाटत नाही. मी त्यांनाच सरळ पत्र लिहिलंय आणि त्यांच्या हाताने पट्टी मागितलीय. तोवर तुम्ही दोघं भिंतीवरून बोलू नका.

तुझी,
नणंद


६ मार्च

चि. पोरीस,

घरात तक्रारींचं खातं उघडलंय हे माहीत होतं. त्याची शाखा तुझ्याकडेही आहे, हे आत्ता कळलं.

तुझी वहिनी मनाने वाईट नाही. दुसऱ्यांची पोरं जीव लावून सांभाळते, मला गोळ्या वेळेवर देते. पण रंगातलं तिला ओ की ठो कळत नाही. सायीला निळी म्हणते. वर मी सूड घेतोय असंही म्हणते, मला ऐकू येतं. माझ्या हातून भिंतीवर सूड निघेल का? भिंतीने माझं काय बिघडवलंय?

आजकाल डबेच चांगले येत नाहीत. पांढरा म्हणून घ्यावा तर आत पिवळट निघतो. मळ मारायला निळा टाकावा लागतो, पूर्वी एका थेंबात भागायचं, आता सात टाकावे लागतात. सगळ्या कंपन्यांची हीच रड आहे.

तू मागितलीस तशी पट्टी माझ्या हाताने लावून जोडतोय. तुझ्या पेटीत बघ आणि काय ते स्पष्ट लिही. चुकलाय म्हणालीस तर ब्रश खाली ठेवतो आणि तुझ्याकडे येतो. रंग कळत नाही असा रंगारी या घरात भिंतीकडे बघत बसून काय करणार? बरोबर आहे म्हणालीस तर सूनबाईने पुन्हा या विषयावर बोलायचं नाही. तुझा शब्द शेवटचा. तुझा डोळा मी तयार केलाय.

बाबा


१२ मार्च

प्रिय बाबा,

पट्टी पाहिली. रंग सुरेख आहे. ऊबदार आहे, अगदी तुमच्या हातचा.

इकडे कामाची फार गडबड चालू आहे, रोज पाळी बदलते. तुम्ही तिथे आरामात आहात, जागचे हलू नका. वहिनीला मी समजावते.

तुमची


१९ मार्च

ताई,

धन्य आहे तुमची.

तुमचं पत्र बाबांनी भिंतीला चिकटवलंय. मुलांना न्यायला येणाऱ्या आयांना उभ्याउभ्या वाचता येईल, बरोबर तेवढ्या उंचीवर. एखादीने वाचलं नाही तर स्वतः वाचून दाखवतात. ‘माझी मुलगी गिरणीत रंग तपासते, तिच्या पेटीत बघून लिहिलंय,’ असं सांगतात. त्या बिचाऱ्या एकदा पत्राकडे बघतात, एकदा भिंतीकडे, आणि मूल कडेवर घेऊन निघतात. आणखी दोघींनी मुलं काढून घेतली.

आणि त्या आनंदात बाबांनी आतली खोली रंगवली. मग स्वयंपाकघर रंगवलं. आता मोरी तेवढी उरलीय. भाजी चिरताना मला माझे हात परके वाटतात. तुमचे दादा म्हणतात, ‘एका अर्थी बरं झालं, सगळं घर सारखं झालं, आता तुलना करायला काही उरलं नाही.’ त्यांच्याशी मी तीन दिवस बोललेले नाही. त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

या वेळी पट्टी मी पाठवलेली नव्हती. बाबांनी स्वतः रंग लावला, स्वतः ती पाकिटात घातली. डबे बदलले म्हणायची सोय नाही. आता मला एकच सांगा. त्या पेटीत तुम्हाला काय दिसलं? मी वेडी झालेय का, एवढंच मला समजलं पाहिजे. बाकी काही नको.

वहिनी


२६ मार्च

प्रिय वहिनी,

तू वेडी झालेली नाहीस. पट्टी निळी होती. तू पाठवलेल्या तिन्हींपेक्षा निळी.

आणि का, तेही मला त्याच दिवशी कळलं होतं. बाबांनी लिहिलं होतं की आजकाल पांढरा डबाही पिवळट निघतो. ते वाचलं आणि एक माणूस आठवला. आमच्या खात्यातला जुना तपासनीस असाच पांढरेशुभ्र तागे पिवळे म्हणून परत पाठवायचा. त्याला मोतीबिंदू होता. डोळ्यापुढे पिवळट काच धरावी तसं होतं त्यात. पांढरं मळकट दिसतं आणि निळा तर फारसा दिसतच नाही. इतकं हळूहळू होतं की त्या माणसाला पत्ता लागत नाही. शेडकार्ड भिंतीशेजारी धरून पाहिलं असतं तर दोन्हीतला फरक त्यांनाही कळला असता. पण बाबा रंग आठवणीतून करतात. आठवणीतली साय गोरी आहे आणि समोरची मळकी दिसते, म्हणून निळा टाकत जातात.

ते सूड घेत नव्हते, वहिनी. तुला हवी तीच साय करायला बघत होते.

मी खोटं लिहिलं, कारण त्यांचं मन मोडवेना. चाळीस वर्षांचा डोळा, आणि मी एका ओळीत त्यावर काट मारायची? नाही जमलं. तू त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. चष्म्याचा नंबर बघायचाय म्हण. मी काही लिहिलंय, हे मात्र सांगू नकोस.

तुझी,
नणंद


२ मे

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून आधी बाबांचं वाईट वाटलं, मग तुमचा राग आला आणि मग स्वतःची लाज वाटली. इतके दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात दुष्ट ठरवत होते, आणि ते माझ्यासाठी साय करत होते.

चष्म्याचं निमित्त मी केलं नाही. या घरात एक खोटं भिंतीला चिकटवलेलं होतं, तेवढं पुरे होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, ‘बाबा, रंग चुकत नाहीये, डोळ्यात मोतीबिंदू आहे.’ त्यांनी ताट सरकवलं. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही माझं म्हणणं मागे घेतलं नाही. पाचव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘कुठे आहे तुझा डॉक्टर?’

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आज नऊ दिवस झाले. डावा पुढच्या महिन्यात. डोळ्यावरची पट्टी निघाली तशी घरी येऊन पुढच्या खोलीत उभे राहिले. एक डोळा मिटला, मग दुसरा, मग परत पहिला. बराच वेळ तेच चाललं होतं. मुलांना तो खेळ वाटला, तीही ओळीने उभी राहून डोळे मिचकावायला लागली. मग बाबा म्हणाले, ‘सूनबाई, ही तर निळी आहे.’

ताई, मी या घरात पहिल्यांदा बरोबर ठरले होते आणि मला रडू आवरेना. तुमचे दादा मधे येऊन म्हणाले, ‘निळी आहेच, मी आधीपासून बघतोय.’ त्यांचं काय करायचं ते मी नंतर बघते.

मग बाबांनी कागद-पेन्सिल मागितली आणि गेल्या चार वर्षांत कुणाकुणाची घरं रंगवली, त्यांची यादी केली. सगळ्यांना फोन केले. प्रत्येकाला विचारत होते, ‘निळी आली होती का?’ मी स्वयंपाकघरात थांबले, मला ऐकवत नव्हतं.

संध्याकाळी भिंतीवरचं तुमचं पत्र काढून हातात घेतलं आणि मला विचारलं, ‘तिने पेटीत ठेवून पाहिलं होतं का?’ मी हो म्हटलं. तुम्ही नको म्हणाला होतात, पण माझ्याने खोटं बोलवलं नाही. मन मोडू नये म्हणून ताईंनी तसं लिहिलं, असं मी सांगितलं. आता ते तुम्हाला पत्र लिहितायत. मी वाचलेलं नाही.

तुमची,
वहिनी


९ मे

पोरी,

उजव्या डोळ्याने लिहितोय, डावा मिटून घेतलाय.

सगळ्या घरांना फोन केले. एकानेही तेव्हा सांगितलं नव्हतं की रंग निळा आलाय. एकाने दुसऱ्याच महिन्यात दुसऱ्याकडून रंगवून घेतलं होतं, आणि वर्षभर रस्त्यात भेटला की ‘भिंती काय सुरेख झाल्यात’ म्हणत होता. त्यांना मी दोष देत नाही. म्हाताऱ्या माणसाला कोण दुखवणार. ती गिऱ्हाइकं होती.

तू गिऱ्हाईक नव्हेस. तू पट्टी पेटीत ठेवलीस, तुला निळा दिसला, आणि तू ऊबदार लिहिलंस. माझं मन मोडू नये म्हणून, असं तुझी वहिनी म्हणते. ती भली बाई आहे. पण त्याच पत्रात ‘जागचे हलू नका’ असंही होतं. रंग चुकला असता तर मी तुझ्याकडे येणार होतो, म्हणून रंग बरोबर ठरला. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा समजलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार खुशीत होतो.

दोन दिवस रागात होतो. आता राग नाही, पण वाईट वाटतं. एक खोली, तीन पाळ्या, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. ‘बाबा, इथे जागा नाही’ एवढं लिहायला हवं होतंस. मी आलो नसतो. माझ्या डोळ्याबद्दल खोटं लिहायला नको होतंस, कारण तुझ्या शब्दावर मी आणखी दोन खोल्या बिघडवल्या आणि सूनबाईची पोरं गेली.

मी आता कुठे जाणार नाही. बॅग माळ्यावर टाकली. या घरात मला तोंडावर चुकलंय म्हणणारं एक माणूस आहे. तिच्याशी मी तीन महिने भांडलो आणि ती एकटीच खरं बोलत होती. गेलेल्या मुलांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. माझा डोळा गेला होता, मुलांना काही झालेलं नाही, असं सांगितलं. बँकेतल्या बाईने परत पाठवते म्हटलंय, भिंत बदलल्यावर.

नवी साय केलीय. सूनबाईला दाखवली तर म्हणते, ‘ताईंना विचारा, या वेळी त्यांनाच सांगू दे.’ पट्टी सोबत आहे. तुझं उत्तर येईपर्यंत लावत नाही.

बाबा


१५ मे

बाबा,

पट्टी पेटीत पाहिली. चुकलीय. पिवळा फार झालाय, त्यात लालही उतरलाय. असा रंग दिला तर खोली अंगावर येईल. ऑपरेशननंतर त्या डोळ्याला काही दिवस सगळं जास्त निळं दिसतं, म्हणून तुमच्या हातून पिवळा जास्त पडतोय. दुसरा डोळा होईपर्यंत डबा उघडू नका. मुलांना तोवर थांबवता येणार नाही, म्हणून वहिनीने शेडकार्डावर खूण केली होती तो रंग दुकानातून तयार आणा आणि कुणाकडूनही लावून घ्या. तुम्हाला आवडणार नाही. तरी तसंच करा.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मन मोडू नये म्हणून लिहिलं, असं मी वहिनीला सांगितलं आणि स्वतःलाही तेच सांगत होते. पण पट्टी पाहिली तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा तुमचा डोळा आला नाही, माझी खोली आली. तुम्ही इथे येऊन राहाल, याची मला भीती वाटली. ते पत्र टपालपेटीत टाकून कामावर गेले आणि त्या दिवशी एकाही ताग्यावर मला सही करवली नाही. माझा हात थांबलेला बघून साहेबांनी विचारलं, बरं नाही का. मी हो म्हटलं. तेही खोटंच होतं.

मला माफ करा असं लिहायला तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहितेय. माफ करा.

पट्टी परत पाठवतेय. मागे ‘चूक’ लिहून सही केलीय.

तुमची